चीनमधल्या शाळेतले शेवटचे पंचवीस दिवस : आधी कागद की आधी मुले?

खांडेपारकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची फोंडा तालुक्यातली. गेली तीन वर्षे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील श्यामेन या शहरात, एका शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात, इंग्रजीतून गणित शिकवते. माझा करार येत्या १० जुलैला संपत आहे. तो पुढे वाढवायचा नाही हे मी मार्चमध्येच लेखी कळवले होते, कारण आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया चवथीपूर्वी उरकायची आहे आणि तिच्याजवळ राहणारे घरात दुसरे कोणी नाही. निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती उरलेल्या पंचवीस दिवसांबद्दल, आणि चीनमध्ये शिकवून परतलेल्या गोवेकरांनी तीत मला वाट दाखवावी अशी विनंती आहे.

पहिला प्रश्न कागदांचा. माझ्या पारपत्रावरील निवास परवान्याची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत आहे. तेव्हा करार संपल्यावर दहा-बारा दिवस वूयी पर्वताकडे हिंडावे, चहाचे मळे पाहावेत आणि मग जुलैअखेर निघावे, असा माझा बेत आहे. शिक्षक-कक्षातील एका परदेशी सहकाऱ्याच्या मते परवान्यावर तारीख आहे तोवर चिंता करण्याचे कारण नाही, तर दुसऱ्याच्या मते नोकरी संपली की परवानाही संपला. शाळेच्या मनुष्यबळ विभागाला विचारले, तर ‘वेळ आल्यावर सांगू’ एवढेच उत्तर मिळते.

दुसरा प्रश्न संपर्काचा. इथले माझे सारे जग वीचॅटवर आहे : विद्यार्थी, पालक, भाजीवाली, घरमालकीण, शाळेच्या फाटकावरचे रखवालदार आजोबा. भारतात २९ जून २०२० रोजी ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यांत वीचॅट होते, आणि इथे व्हॉट्सॲप व जीमेल उघडत नाहीत. म्हणजे मी विमानात बसले की दोन्ही बाजूंची दारे एकाच वेळी बंद होतात. सुट्टीत घरी येत होते तेव्हा याचे काही वाटत नसे, कारण महिन्याभरात परतायचे असे.

तिसरा प्रश्न खरे तर पहिला आहे. माझ्याकडे आपल्या दहावी-अकरावीच्या वयाचे दोन वर्ग आहेत. ही मुले शाळा सोडून जाणारी नव्हेत. सप्टेंबरमध्ये ती त्याच बाकांवर परत येतील आणि फळ्यासमोर दुसरेच कोणी उभे असेल. सत्रान्त परीक्षा २९ जूनपासून १ जुलैपर्यंत आहे. परीक्षा होईपर्यंत मुलांना काहीही सांगू नये, पालक अस्वस्थ होतात, अशी सूचना मला वरून मिळालेली आहे. परीक्षेनंतर दोन दिवसांनी सुट्टी लागते आणि वसतिगृह रिकामे होते. या वेळापत्रकाने चाललो तर मुलांना निरोप द्यायला माझ्या हाती जेमतेम एक तास उरतो. सूचना मोडावी असेही वाटत नाही आणि पाळावी असेही वाटत नाही.

शाळेच्या रस्त्यावर सध्या गुलमोहर पेटलेला आहे. गुलमोहर हा श्यामेनचा नगरवृक्ष, आणि तो फुलला की शाळा-महाविद्यालयांतून निरोपाचे दिवस आले असे इथे मानतात. आपल्याकडे तो मे महिन्यात फुलतो आणि तेव्हा वर्गात कोणीच नसते, म्हणून त्याचा निरोपाशी संबंध लावण्याचे मला कधी सुचले नव्हते. सध्या मात्र रोज सकाळी त्या रस्त्याने शाळेत जाताना काहीतरी लपवत असल्यासारखे वाटते.

---

माशेलचा प्रवासी

ताई, मी ग्वांगझूजवळच्या एका शाळेत पाच वर्षे भौतिकशास्त्र शिकवून परतलो आहे. मुलांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी कागदांविषयी लिहितो, कारण माझे शेवटचे दहा दिवस कागदांनीच खाल्ले आणि त्यात दोष बराचसा माझ्या आळसाचा होता.

तुमचा दुसरा सहकारी बरोबर सांगतो आहे. निवास परवान्यावरची तारीख काहीही असो, तो परवाना तुम्हाला त्या नोकरीसाठी मिळालेला आहे. चीनचा प्रवेश-निर्गमन कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे आणि त्यानुसार परवान्यातील नोंदी बदलल्या की दहा दिवसांच्या आत पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात जाऊन बदल करून घ्यावा लागतो. तुमचा कामाचा परवाना रद्द करण्याचा अर्ज शाळेनेही करार संपल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत करायचा असतो. तेव्हा ३१ ऑगस्टवर भिस्त ठेवून वूयीला निघालात आणि मागे शाळेने परवाना रद्द केला, तर तुम्ही तिथे कोणत्या नात्याने राहता आहात हे कोणालाच सांगता येणार नाही. मुदतीबाहेर राहिल्याचा दंड दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन असा आहे, शिवाय पाच ते पंधरा दिवसांच्या स्थानबद्धतेची तरतूदही आहे.

यावर सरळ मार्ग असा की शाळेकडून नोकरी सोडल्याचा दाखला आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचा कागद घ्यावा, ते दोन्ही घेऊन प्रवेश-निर्गमन कार्यालयात जावे आणि निवास परवान्याऐवजी अल्पमुदतीचा मुक्काम परवाना मागावा. तो साधारणपणे तीस दिवसांपर्यंतचा मिळतो आणि त्यावर वूयीच काय, युन्नानही पाहता येईल. मात्र अर्ज केल्यावर पारपत्र काही दिवस त्यांच्याकडेच राहते आणि तुमच्या हाती केवळ पोचपावती येते. इथेच माझी फसगत झाली. पावतीवर रेल्वेचा प्रवास निभावला, परंतु बँकेत आणि नोटरीकडे मूळ पारपत्र मागितले आणि मी दोन्हीकडून हात हलवत परतलो.

म्हणून पारपत्र हातचे सोडण्यापूर्वी तीन कामे उरकून घ्या.

पैसे आधी पाठवा. पगाराचे युआन परकीय चलनात बदलण्यासाठी बँक करार, पगारपत्रके, कर भरल्याचा दाखला आणि कामाचा परवाना मागते. परवाना रद्द झाल्यावर त्याच खिडकीवर त्याच बाईंचा सूर बदलतो. कराचा दाखला आयकराच्या सरकारी ॲपवरून स्वतः उतरवून घेता येतो. खाते मात्र बंद करू नका. शेवटचा पगार, करारपूर्तीची रक्कम आणि घराची अनामत हे सगळे तुम्ही निघाल्यानंतरही येत राहते. इकडे तुमचे अनिवासी खाते असेल तर परत आल्यावर ते निवासी किंवा आरएफसी (निवासींसाठीच्या परकीय चलन) खात्यात बदलून घ्यावे लागेल, हेही आत्ताच बँकेशी बोलून ठेवा.

नंतर पोलिसांचा वर्तणूक दाखला. पुढे गोव्यात, आखातात, कुठेही शाळेत अर्ज करायचा झाला तर चीनमधल्या तीन वर्षांचा हा दाखला कोणीतरी मागणारच, आणि गोव्यात बसून तो मिळवणे म्हणजे डोंगर पोखरणे. दाखला घ्यावा, सरकारी नोटरीकडून त्याचे इंग्रजी भाषांतरासह प्रमाणपत्र करून घ्यावे. आता एक बारीक गोष्ट. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिलचा, म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याचा, करार लागू झाला आहे, म्हणून नोटरीकडे तुम्हाला ‘एक शिक्का पुरे’ असे सांगतील. परंतु भारत आणि चीन या दोघांमध्ये तो करार लागू नाही. आपल्यासाठी जुनीच पद्धत आहे : नोटरी, मग प्रांताचे परराष्ट्र कार्यालय, मग भारतीय वकिलात. तुमचे श्यामेन ज्यात आहे तो फूज्येन प्रांत ग्वांगझूच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतो. माझे गाव जवळ होते तरी मला दोन खेपा पडल्या. तुम्हाला श्यामेनहून रेल्वेने चार-पाच तास आहेत, तेव्हा जाण्यापूर्वी कागदांची यादी त्यांच्याकडून लेखी मागवून घ्या.

तिसरे काम एका रकमेचे, जी बहुतेक जण सोडून देतात. परदेशी नोकरदारांना चीनची सामाजिक विमा योजना ऑक्टोबर २०११ पासून लागू आहे. तुमच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी दरमहा ८ टक्के कापले जात असतील, तर तो तुमचा वैयक्तिक हिस्सा कायमचे देश सोडताना लेखी अर्ज करून एकरकमी परत मिळतो. शाळेने भरलेला हिस्सा मिळत नाही. माझ्या शाळेतील कारकुनाला हा नियम ठाऊकच नव्हता. मी चिनी भाषेतील नियमाची प्रत छापून नेली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली आणि मग चहा मागवला. पगारपत्रकात ही कपात दिसते का ते आजच पाहा.

एक लहानशी सूचना शेवटी. भाड्याचे घर सोडून शेवटचे चार दिवस मैत्रिणीकडे राहणार असाल, तर तिथल्या पोलीस ठाण्यात चोवीस तासांत नवी नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर ते स्वतःच नोंद करतात.

---

मोपाशेजारी

तिकीट अजून काढले नसेल तर लक्षात घ्यावे की भारत–चीन थेट विमाने आता पुन्हा सुरू आहेत. कोलकाता–ग्वांगझू २६ ऑक्टोबर २०२५ पासून उडत आहे. ग्वांगझूला दूतावासाचे काम असेल तर तिथूनच निघणे सोयीचे पडेल. दुसरे असे की श्यामेनला जुलै म्हणजे टायफूनचे दिवस आणि इकडे गोव्यात मोप्याच्या विमानतळावर धो धो पाऊस. परवान्याची मुदत ज्या दिवशी संपते त्याच दिवसाचे तिकीट काढू नये, मध्ये चार दिवस मोकळे असावेत.

---

डिचोलीचे निवृत्त मुख्याध्यापक

बाई, मी चीन पाहिलेला नाही. परंतु चौतीस वर्षे गोव्यातील शाळांत काढली, त्यांतली अकरा मुख्याध्यापक म्हणून, आणि ‘मुलांना आत्ताच सांगू नका’ ही सूचना मी स्वतः अनेक शिक्षकांना दिलेली आहे. म्हणून त्या बाजूने लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

ही सूचना देणाऱ्याच्या मनात नेहमी दोन गोष्टी असतात. एक, परीक्षेच्या तोंडावर वर्ग ढळू नये. दुसरी, पालकांचे प्रश्न आपल्या दारी येण्यापूर्वी नव्या शिक्षकाचे नाव हाती असावे. पहिली गोष्ट आपण मोठ्याने सांगतो आणि दुसरी मनात ठेवतो. तुमच्या वरिष्ठांनाही बहुधा दुसरीच भीती असेल. तेव्हा सूचना मोडण्याऐवजी त्यांच्याकडे जाऊन एवढेच विचारा की माझ्या जागी कोण येणार हे ठरले आहे का. ठरले असेल तर म्हणा, ते नाव मी स्वतः वर्गाला सांगते, त्यांची ओळखही मीच करून देते. माझ्याकडे असा प्रस्ताव घेऊन आलेल्या शिक्षकाला मी कधी नाही म्हटले नाही, कारण त्याने माझे अर्धे काम केलेले असायचे.

सांगायचे तर परीक्षेच्या निदान आठवडाभर आधी सांगावे, परीक्षेनंतर नव्हे. माझा अनुभव असा की निरोपाची बातमी पहिल्या दिवशी वर्ग हलवते, दुसऱ्या दिवशी मुले तिच्याविषयी आपसांत बोलतात आणि तिसऱ्या दिवशी गृहपाठ पूर्वीसारखाच अपुरा येतो. बातमी आणि निरोप यांच्यामध्ये मुलांना काही दिवस मिळाले पाहिजेत. एकदा एका शिक्षिकेला मी शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसवले. तिच्या वर्गातली एक मुलगी पुढे वर्षभर नव्या बाईंशी बोलली नाही, आणि तिचे काय चुकले असे मला आजही वाटत नाही.

दुसरे असे की त्या तासाला भाषण करू नये. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, गणितच शिकवावे. प्रत्येक मुलाच्या वहीवर, त्याला काय जमते आणि कुठे अडते, हे दोन ओळींत लिहून द्यावे आणि त्याची एक प्रत नव्या शिक्षकासाठी ठेवावी. पन्नास-साठ मुले असतील तर रोज सहा वह्या घेतल्या तरी काम होते.

एक गोष्ट विषयाला धरून सांगतो, कारण ती इकडे आल्यावर तुम्हाला अडेल. गोव्यात २०२५ पासून वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. जुलैअखेर तुम्ही याल तेव्हा इथले पहिले सत्र बरेच पुढे गेलेले असेल आणि नेमणुका झालेल्या असतील. तेव्हा अनुभवाचा दाखला मागताना त्यात केवळ तारखा नव्हे, तर कोणत्या इयत्ता, कोणता अभ्यासक्रम, आठवड्याला किती तास, हे सारे लिहून घ्यावे. नुसत्या ‘परदेशी शिक्षिका म्हणून काम केले’ या वाक्यावर इथली कोणतीही व्यवस्थापन समिती तुमचा अनुभव गणिताचा म्हणून धरणार नाही.

---

पेडण्याची माहेरवाशीण

सरांचे सगळे पटले, फक्त एका ठिकाणी मतभेद नोंदवते. मुलांना सांगायचे की नाही हा प्रश्नच आता उरलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. मी छंगतूमध्ये चार वर्षे होते. मीही अशीच गुपित सांभाळत बसले होते, आणि एके दिवशी शेवटच्या बाकावरच्या मुलाने मला शांतपणे विचारले की भारतात परत गेल्यावर तुम्ही मांजर कोणाकडे ठेवणार. माझ्या जागेची जाहिरात महिनाभरापूर्वीच ऑनलाइन लागलेली होती, आणि ती एका पालकाने वाचून वर्गाच्या पालकगटावर टाकली होती. मुलांनी ती माझ्यापासून लपवली, कारण ‘लाओशींना (म्हणजे बाईंना) अजून सांगायची परवानगी नसेल’ असे त्यांनी आपसांत ठरवले होते. तेव्हा ताई, सरांनी सांगितलेली परवानगी अवश्य मागा, पण मागताना ही शक्यताही वरिष्ठांच्या कानावर घाला.

आता संपर्काविषयी, कारण तो प्रश्न इथे कोणी घेतलेला नाही.

बंदी आहे ती आहे. पळवाटा इथे लिहिणे योग्य नाही आणि त्यांच्या भरवशावर साठ मुलांचा संपर्क ठेवणे शहाणपणाचेही नाही. भारतात येण्यापूर्वी वीचॅटमधील संभाषणे, छायाचित्रे आणि मुलांचे आवाजी निरोप संगणकावर उतरवून घ्या. माझी दोन वर्षांची संभाषणे गेली ती गेलीच. इमेलपैकी आउटलुक दोन्ही देशांत चालतो, म्हणून एक नवा पत्ता केवळ विद्यार्थ्यांसाठी उघडा. चिनी मुलांना इमेलची सवय नसते, त्यामुळे पत्ता नुसता सांगून उपयोग नाही. वर्गातच प्रत्येकाकडून एक ओळीचा मेल पाठवून घ्या आणि त्यांना तिथेच उत्तर द्या. एकदा गेलेला मेल सापडतो, फळ्यावर लिहिलेला पत्ता सापडत नाही. क्यूक्यूच्या मेलवर विसंबू नका, तोही त्याच ५९ ॲपच्या यादीत होता.

आणि टपाल. हसू नका. माझ्याकडे छंगतूहून आलेली नऊ पत्रे आहेत आणि वीचॅटवरचे एकही वाक्य नाही. आपल्या घरचा पत्ता इंग्रजीत, खाली देशाचे नाव चिनी अक्षरांत, असा छापलेला कागद चिकटपट्टीसारखा करून प्रत्येकाला दोन-दोन द्या. मुलांना पाकिटावर काय कुठे लिहायचे हेच माहीत नसते. त्यांचे पत्ते तुम्ही चिनी अक्षरांत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. मुले तुमच्यासाठी एक वही करतील. शाळा सोडताना तिथे मुले एकमेकांकडून वहीची पाने भरून घेतात, नाव, वाढदिवस, आवडता पदार्थ, पुढे काय व्हायचे आहे. त्या वहीला थोंगश्युएलू म्हणतात. ती पत्त्यांची वही म्हणून वापरा.

चिनी मोबाइल क्रमांक लगेच बंद करू नका. बँक आणि विम्याची रक्कम, दोन्हींचे संकेतांक त्याच क्रमांकावर येतात. क्रमांक जिवंत ठेवण्यापुरती महिना आठेक युआनची योजना दुकानात जाऊन मागावी लागते, ती आपणहून कोणी सांगत नाही. बंद केलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमच्या बँकेचे संदेश कोणा अनोळखी माणसाला जातात.

भेटवस्तूंविषयी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. निघताना मुख्याध्यापकांना काहीतरी खास गोव्याचे द्यावे म्हणून मी पणजीहून निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशीचे भिंतीवरचे घड्याळ मागवले होते. चिनी भाषेत ‘घड्याळ देणे’ आणि ‘अंत्यसंस्काराला उभे राहणे’ या दोन्हींचा उच्चार एकच, सोंग-जोंग. ते मला ठाऊक नव्हते. त्यांनी पेटी उघडली, क्षणभर थांबले, आणि मग खिशातून एक युआनचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले, म्हणजे घड्याळ भेट न राहता विकत घेतलेले झाले. दुसऱ्या दिवशी एका सहकारी शिक्षिकेने अर्थ समजावला तेव्हा जमीन दुभंगावी असे वाटले. छत्रीही देऊ नये, तिच्या नावात पांगणे ऐकू येते. आणि नाशपाती कापून वाटून खाऊ नये, कारण ‘नाशपाती वाटणे’ आणि ‘ताटातूट’ हे शब्द सारखेच उच्चारतात. काजू न्यावेत. काजूला कोणी नाव ठेवत नाही.

विमानाने निघणाऱ्याला ‘ई लू शुन फंग’, म्हणजे वारा पाठीशी असो, असे म्हणणे काही जण टाळतात, कारण विमानाला उडताना वारा समोरून लागतो. त्याऐवजी ‘ई लू फिंग आन’, वाटेत सुखरूप असा, असे म्हणतात. आपण घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो हे मी माझ्या वर्गाला सांगितले, तेव्हा एका मुलीने लगेच विचारले की मग खरोखर परत येणार नसेल तो काय म्हणतो. तोही ‘येतो’च म्हणतो, असे मी उत्तर दिले. तिला ते खोटे बोलणे वाटले आणि तिने ते तसे सांगितलेही.

---

माशेलचा प्रवासी

घड्याळाची गोष्ट वाचून आठवले. मला शाळेने निरोपाला चहाचा संच दिला होता. तुम्हालाही मिळाला तर तो सामानात घालताना कपड्यांत गुंडाळा, पेटीसकट घालू नका. मुंबईला उतरेपर्यंत माझी झाकणाची पेली सुखरूप होती आणि पेटी चेपलेली होती. पॉवर बँक मात्र हातसामानातच ठेवा, आणि श्यामेनहून ग्वांगझूला देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर तिच्यावर चीनचे ‘३सी’ हे सुरक्षा-प्रमाणनाचे चिन्ह आहे का ते पाहा. २८ जून २०२५ पासून ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

---

खांडेपारकाठची

सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करो. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मधल्या काळात तुम्ही सांगितलेलीच कामे करत होते.

माशेलच्या दादांनी लिहिल्यावर त्याच रात्री पगारपत्रके काढून पाहिली. ८ टक्के कपात पहिल्या महिन्यापासून आहे आणि मी ती आजवर आयकराचाच भाग समजत होते. शाळेच्या कार्यालयाने अर्जाचा नमुना दिला आहे. रक्कम खात्यात यायला वेळ लागेल म्हणाले, म्हणून खाते आणि क्रमांक दोन्ही चालू ठेवत आहे. पैसे पाठवून झाले. पोलिसांचा दाखला मिळाला, नोटरीकडे दिला आहे, आणि तिथल्या बाईंनी खरोखरच ‘एक शिक्का पुरे’ असे सांगितले. भारतासाठी ते चालत नाही हे मी म्हटल्यावर त्यांनी आपली यादी काढून बोट फिरवत खालपर्यंत नेले, आणि मग काही न बोलता दुसरा अर्ज पुढे केला. वूयीचा बेत रद्द केलेला नाही, पण मुक्काम परवाना हाती येईपर्यंत त्याचे तिकीट काढणार नाही. परतीचे तिकीट ग्वांगझू–कोलकाता असेच काढले, अपेक्षित मुक्काम परवान्याच्या मुदतीपूर्वी पाच दिवसांचे.

सरांच्या सांगण्याप्रमाणे विभागप्रमुखांना भेटले. माझ्या जागी येणारे शिक्षक ठरलेले होते. ते याच शाळेत दुसऱ्या विभागात शिकवतात आणि मुले त्यांना ओळखतात. हे आधीच मला सांगितले असते तर माझ्या दोन आठवड्यांच्या झोपेचा प्रश्न सुटला असता, पण ते असो. सोमवारी सांगण्याची परवानगी मिळाली. पेडण्याच्या ताईंचा अंदाजही निम्मा खरा ठरला : एका वर्गाला ठाऊक होते, दुसऱ्याला नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते माझ्याकडे पाहत राहिले आणि ज्यांना नव्हते ते एकमेकांकडे. मग नवे सर आत आले, त्यांनी माझ्या हातातील खडू घेतला आणि फळ्यावरच्या माझ्या आकृतीत एक चूक दाखवली. चूक खरीच होती. त्यानंतर वर्ग हसला आणि तास पुढे चालला.

वह्यांवर लिहिणे सुरू केले आहे. एकूण सत्तावन्न आहेत, आजवर एकवीस झाल्या. अपेक्षेपेक्षा वेळ फार लागतो, कारण दोन ओळी लिहायला बसले की त्या मुलाच्या मागच्या वर्षाच्या उत्तरपत्रिका आठवतात. एका मुलाविषयी मला लिहिण्यासारखे काहीच सुचेना. तीन वर्षांत त्याने एकही प्रश्न विचारला नाही आणि एकही चूक केली नाही, आणि माझेही लक्ष त्याच्याकडे कधी गेले नाही. त्याची वही आज घरी आणली आहे.

पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापून वाटल्या. एका मुलीने ४०३४०१ हा आकडा वाचून, आमच्यासारखाच सहा आकड्यांचा आहे, असे म्हटले आणि लगेच त्याचे अवयव पाडायला बसली. रखवालदार आजोबांना इमेल नाही आणि त्यांना लिहायला आवडत नाही. त्यांनी चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि अन्शीच्या चहाची दुसरी पेली भरली.

उद्या सकाळी परीक्षेपूर्वीचा त्रिकोणमितीचा शेवटचा सराव घ्यायचा आहे आणि सहा वह्या अजून समोर आहेत.